एम्स करंडक: ओएचएलच्या सेंट्रल विभागाचा विजेता – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ मध्ये स्टीलहेड्स हा ज्युनियर आइस हॉकीचा संघ कॅनडात टोरोंटोजवळच्या मिसिसागातून ब्रॅम्प्टनला मुक्कामी आला आणि आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये हॉकीची चौकशी सुरू झाली. कुणाच्या मुलाला शाळेतून तिकिटं मिळतात, कुणी शिकायला आलेला भाचा ऑफिसातल्या मित्रांबरोबर जाऊन येतो. सगळ्यांची मान एकदा तरी वर जाते, कारण रिंकच्या छताला पताका टांगलेल्या असतात: अमुक साल, डिव्हिजन चॅम्पियन्स. मग घरी आल्यावर फोन येतो, "अहो, हे चॅम्पियन म्हणजे कसले चॅम्पियन? करंडक तर भलत्याच संघानं नेला होता ना त्या वर्षी?" तीच तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून एकदाची लिहून काढली.

हा करंडक नक्की कशासाठी देतात?

ऑन्टॅरिओ हॉकी लीगमध्ये, म्हणजे सगळे जिला नुसतं ओएचएल म्हणतात तिच्यात, २० संघ आहेत. त्यांचे पाच-पाचाचे चार विभाग: ईस्ट, सेंट्रल, मिडवेस्ट आणि वेस्ट. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत साखळी चालते. प्रत्येक संघ ६८ सामने खेळतो, निम्मे घरच्या रिंकवर, निम्मे बाहेर. साखळी संपताना सेंट्रल विभागात जो वर असेल त्याला एम्स करंडक.

आयपीएलमध्ये गुणतालिकेत पहिला आलेल्या संघाला त्यासाठी वेगळा करंडक मिळत नाही, थेट प्लेऑफचं गणित सुरू होतं. इथे तसं नाही. बाद फेरीत पुढे काहीही होवो, सहा महिने ज्यानं सातत्यानं सामने काढले त्याच्या नावाची नोंद होते. आणि ही आपल्या शाळेतली फिरती ढाल असते ना, त्यातलाच प्रकार: करंडक एकच, दरवर्षी विजेता बदलतो, वर टांगलेली पताका तेवढी कायमची आपली.

'ज्युनियर' म्हणजे शाळकरी मुलांची हौशी मॅच का?

हौशी म्हणाल तर खेळाडूंना राग येईल. १६ ते २० वयाची मुलं असतात. वीस वर्षांचे खेळाडू एका संघात तीनच चालतात. एनएचएलमध्ये, म्हणजे वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, जाण्याचा हा जुना राजमार्ग आहे. बॉबी ऑर ओशावा जनरल्सकडून खेळला, वेन ग्रेट्झ्की १९७७-७८ मध्ये सू ग्रेहाउंड्सकडून आणि कॉनर मॅकडेव्हिड ईरी ऑटर्सकडून. ग्रेट्झ्कीचा तो जगप्रसिद्ध ९९ क्रमांकही इथलाच. त्याला ९ हवा होता, पण संघातल्या एका ज्येष्ठ खेळाडूकडे तो आधीच होता.

मुलं आपलं गाव सोडून संघाच्या गावात राहतात, तीही वसतिगृहात नव्हे, तर एखाद्या कुटुंबात. या कुटुंबांना इथे 'बिलेट' म्हणतात. आपल्याकडच्या पेइंग गेस्टपेक्षा जरा जास्त घरोबा असतो, म्हणजे दहावी-बारावीसाठी मावशीकडे राहायला पाठवलेल्या मुलासारखं. दिवसा शाळा, दुपारी सराव, शनिवार-रविवार सामने. खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या कॉलेजच्या फीची तरतूद लीगकडून होते, हे आईबापांना पहिल्यांदा सांगितलं की त्यांचा चेहरा जरा सैल होतो.

आपल्या हॉकीपेक्षा किती वेगळं?

नाव सोडलं तर फारसं साम्य नाही. बर्फावर एका वेळी पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची चकती, म्हणजे पक: तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण १७० ग्रॅम. हातात घेतली की लहानपणी कॅरमची सोंगटी हातात घेतल्यासारखं वाटतं, फक्त ही सोंगटी मुठीत मावत नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळतात तीच ही.

सेंट्रल विभागात कोणकोणते संघ आहेत?

बॅरी कोल्ट्स, ब्रॅम्प्टन स्टीलहेड्स, नायगारा आइसडॉग्स, नॉर्थ बे बटालियन आणि सडबरी वुल्व्ह्ज.

यादी साधी दिसते, पण या पाचांच्या कुंडल्या काढल्या तर गंमत येते. बटालियन आधी ब्रॅम्प्टनचा, २०१३ मध्ये उत्तरेला नॉर्थ बेला गेला. रिकाम्या ब्रॅम्प्टनमध्ये अकरा वर्षांनी मिसिसागाचे स्टीलहेड्स आले. हा संघ मुळात टोरोंटोचा सेंट मायकेल्स मेजर्स, २००७ मध्ये मिसिसागात आला आणि २०१२ मध्ये त्याचं नाव स्टीलहेड्स झालं. आणि मेजर्सना जागा मिळाली कशी, तर मिसिसागाचे आइसडॉग्स त्याच वर्षी नायगारा भागातल्या सेंट कॅथरिन्सला निघून गेले म्हणून. भाड्याच्या घरांतली बिऱ्हाडं एकमेकांच्या खोल्यांत शिरावीत तसा हा कारभार. सडबरी तेवढं १९७२ पासून एका जागी आहे, पण त्याची कुळकथा पुढच्या उत्तरात येते, कारण ती थेट करंडकाच्या नावाला जाऊन भिडते.

हे एम्स कोण?

लेटन एम्स, पण सगळे 'हॅप' एम्सच म्हणत. जन्म १९०५, बॅरी गावचा. १९२६ ते १९३८ या काळात एनएचएलमध्ये माँट्रिअल मरून्स, न्यूयॉर्क अमेरिकन्स अशा संघांकडून खेळला. पण तो लक्षात राहिला खेळाडू म्हणून नव्हे, तर ज्युनियर हॉकीतला मालक, प्रशिक्षक आणि कारभारी म्हणून. पोरं हेरायची, घडवायची आणि वरच्या लीगला पाठवायची, हा त्याचा आयुष्यभराचा धंदा.

त्याच्या बॅरी फ्लायर्स संघानं १९५१ आणि १९५३ मध्ये मेमोरियल कप जिंकला. मेमोरियल कप म्हणजे कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतलं सर्वोच्च बक्षीस, पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून दिलं जाणारं. १९६० मध्ये एम्सनं बिऱ्हाड हलवलं आणि संघ नायगारा फॉल्सला नेला. तिथेही १९६५ आणि १९६८ असे दोन मेमोरियल कप त्याच्या संघानं आणले. मधल्या काळात, १९६५ ते १९६७, तो एनएचएलच्या बॉस्टन ब्रुइन्सचा जनरल मॅनेजर होता आणि अठरा वर्षांच्या बॉबी ऑरला करारबद्ध करण्याचं काम त्याच्याच हातून झालं. तेही कार्यालयात बसून नव्हे, बॅरीला एम्सच्या स्वतःच्या बोटीवर.

आता कुळकथा. एम्सचा तो नायगारा फॉल्सचा संघ १९७२ मध्ये सडबरीला गेला आणि त्याचे सडबरी वुल्व्ह्ज झाले. म्हणजे आज एम्स करंडकासाठी धडपडणाऱ्या पाच संघांपैकी एक त्याच्याच घरातून गेलेला. त्यानंतर एम्सनं सेंट कॅथरिन्सचा ब्लॅक हॉक्स हा संघ घेतला. तोही १९७६ मध्ये नायगारा फॉल्सला, १९८२ मध्ये तिथून नॉर्थ बेला आणि २००२ मध्ये सरहद्द ओलांडून अमेरिकेत मिशिगनमधल्या सॅगिनॉला गेला. सॅगिनॉ स्पिरिट म्हणजे तोच. या संघानं २०२४ मध्ये घरच्या रिंकवर मेमोरियल कप जिंकला. बॅरीच्या लोकांना मात्र एम्स गेल्यावर पुन्हा अव्वल ज्युनियर संघ मिळायला १९९५ उजाडलं. संघ ज्या विभागात सारखे गावं बदलतात त्या विभागाच्या करंडकाला, स्वतः गावं बदलणाऱ्या माणसाचं नाव असावं, हा योगायोग मला तरी भारी वाटतो. एम्स १९८८ मध्ये गेला.

करंडक कधीपासून दिला जातो?

१९७५-७६ च्या हंगामापासून. तेव्हा लीगचे दोनच विभाग होते आणि त्यांना दिशांची नव्हे, माणसांची नावं होती: लेडन विभाग आणि एम्स विभाग. १९९४ मध्ये तीन विभाग झाले, ईस्ट, सेंट्रल, वेस्ट; तेव्हा एम्स करंडक सेंट्रलकडे आला. १९९८ मध्ये मिडवेस्टची भर पडून चार झाले. माणसांची नावं विभागांवरून उतरली, ती फक्त करंडकांवर उरली. माझ्या मते बरं झालं. 'आम्ही एम्समध्ये आहोत' यापेक्षा 'आम्ही सेंट्रलमध्ये आहोत' हे नवख्याला तरी कळतं.

बाकीच्या तीन विभागांचे करंडक कोणते?

ईस्टचा लेडन करंडक, वेस्टचा बंबाको आणि मिडवेस्टचा होलोडी. मॅट लेडन हा ओशावा जनरल्सचा जुना मॅनेजर आणि १९६५ ते १९६७ ऑन्टॅरिओ हॉकी असोसिएशनचा अध्यक्ष. अँजेलो बंबाको सू ग्रेहाउंड्सचा जनरल मॅनेजर. होलोडी हे ग्वेल्फ गावचं कुटुंब. धातूला मुलामा देण्याचा त्यांचा कारखाना, म्हणून त्यांच्या पाठबळावरच्या संघाचं नावच 'प्लेटर्स' होतं. गावातल्या कारखान्यावरून संघाला नाव, हे इचलकरंजी-कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

ब्रँटफर्ड तर ब्रॅम्प्टनच्याही पश्चिमेला आहे. मग ते ईस्टमध्ये कसं?

नकाशा घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. ब्रँटफर्ड बुलडॉग्सची जागा मुळात बेलव्हिलची. बेलव्हिल खरोखरच पूर्वेला आहे. २०१५ मध्ये तो संघ हॅमिल्टनला आणि २०२३ मध्ये ब्रँटफर्डला गेला. संघ पश्चिमेकडे सरकत राहिला, विभागाची पाटी तीच राहिली. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव राहून जातं, तसं.

विभाग पाडायचे ते मुळात प्रवास आटोक्यात राहावा म्हणून. टोरोंटोपासून सू सेंट मेरी रस्त्यानं जवळपास ७०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर अख्खा समृद्धी महामार्ग. तोही जानेवारीत, बर्फातून, बसनं, आणि दुसऱ्या दिवशी मॅच. म्हणून आपल्या विभागातल्या संघांशी जास्त सामने ठेवतात. त्यामुळेच या करंडकाची चुरस खरी असते: ज्यांच्याशी गुणांची बरोबरी करायची, त्यांच्याशीच समोरासमोर पुन्हा पुन्हा खेळायचं.

गुण कसे मोजतात?

विजयाला दोन. साध्या वेळेतल्या हारेला शून्य. साठ मिनिटांत बरोबरी असेल तर पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, तीन विरुद्ध तीन. तरीही निकाल नाही लागला तर शूटआउट. ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरणाऱ्याला एक गुण. म्हणून तालिकेत हारेचे तीन रकाने दिसतात. पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो, कारण १५ सामने हरलेला संघ १४ हरलेल्याच्या वर दिसतो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते २०१५-१६ मध्ये मिडवेस्टमध्ये दिसलं. ईरी ऑटर्स: ५२ विजय, १५ साध्या हारी, ओव्हरटाइममधली एक. म्हणजे १०४ अधिक एक, १०५ गुण. लंडन नाइट्स (ऑन्टॅरिओतलं लंडन, टेम्सकाठचंच, पण टेम्सही इथली): ५१ विजय, १४ साध्या हारी, ओव्हरटाइम-शूटआउटमधल्या तीन. १०२ अधिक तीन, पुन्हा १०५. एक विजय जास्त म्हणून करंडक ईरीचा. ६८ सामन्यांनंतर एवढाच फरक.

विभाग जिंकून करंडकाशिवाय काय पदरात पडतं?

मानांकन. विभाग जोडीजोडीनं दोन गटांत असतात: ईस्ट आणि सेंट्रल मिळून पूर्व गट, मिडवेस्ट आणि वेस्ट मिळून पश्चिम गट. प्रत्येक गटातले आठ संघ बाद फेरीत जातात आणि पहिली दोन मानांकनं विभागविजेत्यांसाठी राखीव असतात, गुण काहीही असोत. वर सांगितलेल्या हंगामात १०५ गुणांचं लंडन तिसरं मानांकित झालं, कारण वेस्ट विभाग जिंकलेलं सार्निया गुणांनी मागे असूनही दुसरं आलं.

वरचं मानांकन म्हणजे दुबळा प्रतिस्पर्धी आणि घरचं मैदान. सातची मालिका असेल तर सातवा सामना आपल्या रिंकवर. ऐकायला फार वाटत नाही. पण चौदा तासांच्या जाण्यायेण्याऐवजी मुलगा आपल्या बिलेटच्या घरी झोपून, गरम जेवून मॅचला येतो, हे काही कमी नाही.

मग विभागविजेता हाच लीगचा चॅम्पियन का नाही?

कारण चॅम्पियन बाद फेरीनंतर ठरतो. तिथला करंडक म्हणजे जे. रॉस रॉबर्टसन कप. साखळीत सगळ्या २० संघांत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला आणखी वेगळी हॅमिल्टन स्पेक्टेटर ट्रॉफी मिळते, हॅमिल्टनच्या वर्तमानपत्राच्या नावाची. रॉबर्टसन कप जिंकणारा संघ मेमोरियल कपला जातो. तिथे तीन लीगांचे तीन विजेते आणि चौथा यजमान.

साखळीत राजा आणि बाद फेरीत रंक, असं इथे वारंवार होतं, आणि एम्स करंडकाच्या वाट्याला ते दोन वर्षं लागोपाठ आलं. २००९-१० मध्ये बॅरी कोल्ट्सनी ६८ पैकी ५७ सामने जिंकले, ११६ गुण. एम्सही त्यांचा, स्पेक्टेटरही त्यांचा. अंतिम मालिकेत विंडसरनं त्यांना ४-० असं धुतलं. एकही सामना हाती लागला नाही. पुढच्या वर्षी मिसिसागाचे मेजर्स: ५३ विजय, १०८ गुण, पुन्हा दोन्ही करंडक. शिवाय त्या वर्षीचा मेमोरियल कप त्यांच्याच गावात. ओवेन साउंडविरुद्धची अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, तो घरच्या रिंकवर, ओव्हरटाइममध्ये, १-२ असा हरले. यजमान म्हणून मेमोरियल कपला प्रवेश होताच, तिथेही अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि सेंट जॉनकडून १-३ हरले. हाच तो संघ जो आज ब्रॅम्प्टनमध्ये खेळतो. तेव्हा इथल्या एखाद्या जुन्या प्रेक्षकासमोर २०११ चा विषय काढताना जरा जपून.

उलटंही घडतं. एका विजयानं होलोडी करंडक हुकलेल्या लंडननं २०१६ च्या बाद फेरीत त्याच ईरीला ४-० नं घरी पाठवलं, रॉबर्टसन कप घेतला आणि मग मेमोरियल कपही.

सगळं एकाच वर्षी जिंकलेला संघ आहे का?

आहे. २००४-०५ चं लंडन नाइट्स. ५९ विजय, सात हारी, दोन बरोबरी (तेव्हा शूटआउट नव्हता). हंगामाच्या सुरुवातीला सलग ३१ सामने अपराजित. विभाग, लीग, रॉबर्टसन कप आणि शेवटी घरच्या मैदानावर सिडनी क्रॉस्बीच्या रिमूस्कीला ४-० हरवून मेमोरियल कप. लंडनच्या लोकांना हे ऐकवायला निमित्त लागत नाही.

एम्स करंडक गोलरक्षकाला मिळाल्याचं वाचलं. ते कसं काय?

तो वेगळा. मेमोरियल कपच्या स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला 'हॅप एम्स मेमोरियल ट्रॉफी' देतात. विभागाचा तो नुसता 'एम्स ट्रॉफी'. लेडनच्या बाबतीतही हाच घोळ आहे: 'लेडन ट्रॉफी' ईस्टच्या विजेत्या संघाला, तर 'मॅट लेडन ट्रॉफी' लीगच्या सर्वोत्तम प्रशिक्षकाला. बातमीत पूर्ण नाव आहे की नुसतं आडनाव, ते बघायचं. पूर्ण नाव दिसलं की बक्षीस एका माणसाचं, नुसतं आडनाव असलं की अख्ख्या संघाचं, एवढी खूण या दोन नावांपुरती पुरते.

कुठल्या वर्षी करंडक दिलाच नाही, असं झालंय का?

२०२०-२१ मध्ये. कोविडमुळे ओएचएलचा तो हंगाम खेळलाच गेला नाही. त्या वयातल्या मुलाचं एक वर्ष म्हणजे काय, हे इथल्या बिलेट कुटुंबांना विचारा. आधीच्या हंगामाची बाद फेरीही रद्द झाली होती, आणि २०२० व २०२१ असे दोन मेमोरियल कप झाले नाहीत.

पहिल्यांदा बघायला जायचं तर कधी जावं?

करंडकाची चुरस बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्च. तेव्हा रिंकवरच्या प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर दुसऱ्या गावची मॅच चालू असते आणि समोर काहीच घडलेलं नसताना अचानक ओरडा होतो, कारण तिकडे सडबरी हरलेलं असतं.

लहान मुलं बरोबर असतील तर डिसेंबर. त्या महिन्यात बहुतेक संघ एक सामना 'टेडी बेअर टॉस'चा ठेवतात. प्रत्येकानं घरून मऊ खेळणं न्यायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, आणि घरच्या संघानं पहिला गोल केला की बर्फावर भिरकवायचं. शेकडो अस्वलं एकदम हवेत. खेळाडू ती गोळा करायला मदत करतात आणि खेळणी गरजू मुलांकडे जातात. आमच्या भाच्यानं अस्वलाऐवजी घरात सापडला तो कापडी गणपती आणला होता. तो काही आम्ही फेकू दिला नाही. शेजारच्या आजींनी त्यांच्याकडच्या दोन सशांतला एक त्याला दिला.

जॅकेट मात्र घेऊन जा. आत छप्पर आहे म्हणून काढून गाडीत ठेवाल आणि दुसऱ्या पीरियडला पार्किंगमध्ये पळत जाल.